राजक्का, पाऊस माझ्या बाजूनं यायचा

राजक्का,

तुझे कांदे लावले गं. कांदे म्हटलं की तू चिडायचीस, म्हणून मुद्दाम म्हणते आहे. बघू आता कशी ओरडतेस ते. सव्वीस भरले. दहा आठवडे माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तुझ्या घरच्या टॉवेलच्या पिशवीत बसून होते, आणि त्यांना बाहेर काढायचा आठवडा आला तेव्हाच तू गेलीस. तिसऱ्या दिवशी मी एकटीनं लावले. मुरूम, वाळू, चिमूटभर काळी माती, तू सांगायचीस तसं. चिमूट जरा मोठी झाली असेल. माझी चिमूट तुला माहीत आहे.

आज तुला जाऊन बारा दिवस झाले. कंद फ्रिजमधून निघाले, तरी सफरचंदं अजून डायनिंग टेबलावरच आहेत. आत ठेवायला हात जात नाही. पिकणारं फळ शेजारी असलं की कंदाच्या पोटातली कळी तिथल्या तिथं मरते, हे तू एक अख्खं वर्ष वाया घालवून शिकलीस आणि मग आमच्या घराला शिकवलंस. परवा मुक्ताची मैत्रीण आली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे फळं बाहेर का असतात गं?" माझी नात तिला गंभीर चेहऱ्यानं सांगते, "आजीचं व्रत असतं. दसरा ते नाताळ फ्रिजमध्ये फळ ठेवायचं नाही." "कुठल्या देवाचं?" "शेजारच्या राजक्काचं."

सोलापुरात ट्यूलिप, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग काळजीनं माझ्या मुलाकडे. त्यांना वाटतं ते सिनेमातले, कपाएवढे, रांगेत उभे असलेले. आपले तसले नव्हेत, हे समजावून सांगायचं काम तू माझ्यावर टाकलं होतंस, कारण तू सांगायला लागलीस की समोरचा दोन पावलं मागं सरकायचा. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, "चहा घेणार का?" हेसुद्धा तू तीन घरांना ऐकू जाईल असं विचारायचीस. तुमच्या तेलुगू विणकरांच्या पूर्व भागातून जुळे सोलापुरात राहायला आलीस त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी भांडण चाललंय. मी खिडकीतून कान देऊन ऐकलं. तू दूधवाल्याला त्याच्या मुलीचं नाव विचारत होतीस.

बारा दिवस गल्लीत काही ऐकू येत नाही. मला वाटलं माझेच कान गेले.

तेव्हाची मी तुला आठवते ना? अठ्ठेचाळीस वर्षांची, कचेरीत हेडक्लार्क, चष्मा डोक्यावर, आणि गुलाबाच्या प्रदर्शनात तिसरं बक्षीस मिळाल्यामुळे स्वतःला बागकामातली तज्ज्ञ समजणारी. त्या गटात स्पर्धक तिघंच होते, ही गोष्ट मी तुला दहा वर्षांनी सांगितली. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. तू मात्र तिच्या शेजारी घर घेतलंस आणि राहिलीस.

काश्मीरच्या सहलीला आपण सोळा बायका गेलो. तिथल्या मोठ्या बागेत मी भाड्याचा काश्मिरी झगा घालून, कपाळावर दागिना, हातात सुरई अशी उभी राहिले. तो फोटो मुक्तानं जपून ठेवलाय. भांडण झालं की बाहेर काढते. बस निघायची वेळ झाली आणि तू कुठं सापडेना. शोधत गेलो तर तू सफरचंदाच्या बागेच्या बांधावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसलेली. ती तिच्या भाषेत बोलत होती, तू तेलुगूत, आणि दोघींचे हात एकमेकींच्या अंगावरच्या कापडावर. ती तुझ्या पदराची किनार चाचपत होती, तू तिच्या शालीची.

"राजक्का, तुम्ही बोलत तरी काय होतात?" मी विचारलं.

"धाग्याचं," तू म्हणालीस.

तिनं विळ्यानं बांध उकरून रानटी ट्यूलिपचे अकरा कंद पानांसकट काढून दिले. तू पिशवीतला कोरा सोलापुरी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकलास. झाला व्यवहार. मी मात्र बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढी मोठी बाग सोडून हे बांधावरचं गवत कशाला उचललंत?" परतीच्या गाडीत तू ती पिशवी खिडकीच्या जागेवर ठेवलीस, वारा लागावा म्हणून. "अहो, माणसांनी कुठं बसायचं?" असं मी कडाडले, तर तू शांतपणे म्हणालीस, "तू उभी रहा की. तुला पाय हायेत. ह्यांना न्हाईत."

तोवर आपण एकमेकींना अहो-जाहो करायचो. त्या गाडीपासून मीही तुला अगं-तुगं केलं. रागानं सुरू केलं होतं, हे आज कबूल करते. राग कुठल्या स्टेशनवर उतरला ते कळलं नाही.

पहिल्या वर्षी पाच कंद माझ्या सल्ल्यानं कुजले. काळी माती घाल, शेणखत घाल, रोज पाणी दे, असं मी बोट नाचवून सांगितलं होतं. तू ऐकलंस, कारण तुला वाटायचं शिकलेली बाई आहे. दुसऱ्या वर्षी तू मला विचारलं नाहीस. रस्त्याच्या कामावरून घमेलंभर मुरूम आणलास, त्यात वाळू मिसळलीस. "हे दगडातलं हाय, शालू. त्याला आपल्यासारखं उन्हात भाजलेलं आवडतं. झोपलेलं असताना पाय ओले झालेले चालत न्हाईत, बास." पानं वाळली की वैशाखात कंद काढायचे, टॉवेलच्या पिशवीत घालून माळ्यावर तापत ठेवायचे, दसऱ्याला फ्रिजमध्ये. हे सगळं तुला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तू त्या कंदाकडे बघत बसायचीस. मी पुस्तक बघायचे.

आणि तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या उन्हाला तू भिंतीवरून हाक मारलीस. आख्खी कॉलनी जमली. करंगळीएवढ्या दांड्यावर एक फूल. मिटलेलं होतं तोवर बाहेरून लाल पट्टे. ऊन चढलं तसं उघडलं आणि आतून पांढरी चांदणी निघाली, मध्ये पिवळा ठिपका. तू बघतच राहिलीस. मग म्हणालीस, "लाल किनार, पांढरं अंग. अगं, हे तर आमच्या मागावरचं डिझाईन. चाळीस वर्षं हेच विकलं आम्ही."

मी काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, "किती छोटंय."

अक्का, ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर! संध्याकाळी ते फूल पुन्हा मिटायला लागलं, आणि तू त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलीस, ते मिटेपर्यंत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला बघत होते. मत्सर वाटला होता मला. फुलाचा नाही. तुझ्या बसण्याचा.

आता आपलं भांडण.

तुला फ्रिज खटकायचा. "किती वर्षं त्याला कपाटात झोपवायचं? जमिनीत राहू दे की. हितं पण जानेवारीत थंडी पडते." मी म्हणायचे, सोलापूरची थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढून, झटकून, परत ठेवण्यापुरती. तू ऐकेनास. मूळ कंदांना पिल्लं फुटून जोडकंद वाढले होते, त्यातले चार-पाच तू गच्चीवर लाकडी खोक्यात लावलेस आणि जाहीर केलंस: हे काढायचे नाहीत, फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, पावसाळ्यात वर पत्रा टाकायचा आणि कोरडे ठेवायचे. मग आपली पैज लागली, यांना फूल आलं तर मी तुला शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्या करून घालायच्या. नाही आलं तर तू मला. तुझी गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. खोका त्या भिंतीला लागून.

त्याच वर्षी आषाढात तू लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघालीस. रिक्षात बसून, तीन घरांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "शालू, खोक्याला हात लावू नको. काही करायचं न्हाई. काहीच न करायचं काम देऊन चाललेय तुला."

"झाड आहे का लोणचं?" मी म्हणाले.

"वद्दु गं, वद्दु," असं हात हलवत तू गेलीस. तुझ्या भाषेतला तेवढाच एक शब्द मला तेव्हा येत होता. नको. तूच शिकवला होतास, कारण माझ्यासाठी तो वारंवार लागायचा.

आता ऐक. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

आपल्याकडे नळाला पाणी चौथ्या दिवशी. पाणी आलं की घरातलं साठवलेलं सगळं पाणी त्या मिनिटाला शिळं होतं. सकाळी तेच प्यायलेलो असतो, पण नळ सुटला की शिळं. ते ओतायचं, भांडी घासायची, नवीन भरायचं. हे आपल्या गावात बायकांना कुणी शिकवत नाही, हातच करतात. आणि ओतायचं तर मोरीत कशाला, झाडांना. माझ्या कुंड्या तुडुंब झाल्या की दोन कळश्या उरायच्या. भिंतीपलीकडे तुझा खोका. पत्र्याखाली भेगाळलेला, केविलवाणा. मला वाटलं, माणूस बाहेरगावी गेलं की घरच्या मांजराला आपण दूध घालतोच ना. मी भिंतीवरून वाकून, पत्रा उचलून, दोन कळश्या ओतायचे. दर चौथ्या दिवशी. तीन महिने. वर त्याच्याशी गोड बोलायचे, "पी बाबा, ती काही तुला देणार नाही."

तू आलीस. स्वयंपाकघरातल्या चमच्यानं उकरलंस. काळा लगदा निघाला. तू तो नाकाशी नेलास, मग माझ्याकडे बघितलंस. आणि मी, सरकारी फायलींवर शेरे मारणारी, सत्यवचनी बाई, पटकन म्हणाले, "अगं, पाऊसच कसला झाला यंदा! झोड आत गेली बघ पत्र्याखालून."

पाऊस त्या वर्षी बेताचाच होता. पण तू हैदराबादला होतीस. तुला काय कळणार, हा माझा हिशेब.

"व्हय," तू म्हणालीस. "पाऊस लई."

बस. तेवढंच. आठ दिवसांत तू नवीन कंद लावलेस आणि खोक्याला एक पडदा शिवलास. जुनी सोलापुरी चादर, तिला आतून प्लास्टिक, खाली जड पट्टी, वर बांबू. मी विचारलं तर म्हणालीस, "झोड अडवायला." आणि तेव्हापासून दरवर्षी मृग लागला की तू भिंतीवरून विचारायचीस, "शालू, यंदा तुझ्या बाजूनं पाऊस कसा हाय?" मी म्हणायचे, "ठीक आहे." मनात म्हणायचे, देवा, या भोळ्या बाईला मी न झालेल्या पावसाशी लढायला लावलंय.

भोळी म्हणाले मी तुला. अठरा वर्षं.

सांगायचं अनेकदा ठरवलं. परवाच्या दसऱ्यालासुद्धा, आपण दोघी पायरीवर बसून कंद पिशवीत भरत होतो. तुझे हात थरथरत होते, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. मी सुरुवात केली, "अक्का, त्या खोक्याचं, तू हैदराबादला होतीस ना, तेव्हाचं एक..." तू म्हणालीस, "पिशवीची गाठ नीट मार. गेल्या वर्षी सुटली होती." मी गाठ मारली. माझं बोलणं तिथंच बांधलं गेलं.

खोक्यानं आजवर काय दिलं? कधी काहीच नाही. बहुतेक वर्षी एकेक पान, लसणीसारखं. मी हसायचे. तू सांगितलंस, "एकच पान म्हणजे ह्या वर्षी फूल न्हाई, पण आत जीव हाय. जमवतंय. दोन पानं आली की मग बघ." दोन पानं कधी आली नाहीत. तू दरवर्षी शेंगापोळ्या केल्यास. कुरकुर न करता, गरम, तूप सोडून, आणि दरवर्षी ताट भिंतीवर ठेवताना म्हणायचीस, "हरले न्हाई. अजून चाललंय." मी त्या अठरा वर्षं खाल्ल्या. चोराच्या घशाखाली इतकं चविष्ट काही उतरलं नसेल.

तुझी सून ललिता काल आली. डोळे सुजलेले, पण कामाला लागली आहे, तुझीच सून. म्हणाली, "काकू, गच्चीवर मोठी टाकी बसवायचीय. टाकीवाला शुक्रवारी येतोय. अत्तम्मांचा तो खोका तिथनं काढायला लागणार. तुम्हाला पाहिजे का, का टाकून देऊ?"

मी म्हटलं, थांब, बघून येते. आज सकाळी तुझ्या जिन्यानं वर गेले. इतकी वर्षं भिंतीवरूनच बघत होते; तुझ्या बाजूनं खोका मी कधी पाहिलाच नव्हता. खुर्ची तिथंच होती. पत्रा दसऱ्याला काढून तू कठड्याला टेकवून ठेवला होतास, दरवर्षीप्रमाणे. पडदा मात्र खाली सोडलेला. जानेवारीत. कोरड्या ठणठणीत उन्हात. मी म्हटलं, आजारपणात वर करायचा राहिला असेल.

मग तुझ्या खुर्चीत बसले आणि मला दिसलं.

आपल्या कॉलनीत पाऊस येतो पश्चिमेच्या मोकळ्या मैदानाकडून. त्या अंगाच्या खिडक्यांना दरवर्षी पोती लावावी लागतात. पश्चिमेला तुझा खोका उघडा. पडदा पूर्वेला. पूर्वेला काय आहे? पूर्वेला कमरेएवढी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे मी.

ललिता कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "हा पडदा बारा महिने असतो का गं?"

"व्हय काकू. अत्तम्मा काढूच द्यायच्या न्हाईत."

"पण पाऊस तर तिकडून येतो."

"मी पण तेच म्हटलं होतं एकदा. तर म्हणाल्या, तिकडचा पाऊस चार महिने येतो. हिकडचा चौथ्या दिवशी येतो, नळाबरोबर." एवढं सांगून ती चिमटे लावायला लागली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तू असलं काहीबाही बोलायचीसच.

राजक्का, मी तिथं बसून इतकी हसले की ललिता घाबरली. मग तिला वाटलं मी रडते आहे, म्हणून तिनं पाणी आणलं. दोन्ही बरोबर होतं.

एवढा मोठा आवाज असलेली बाई तू. रिक्षावाला, दूधवाला, भाजीवाला, कुणाला सोडलं नाहीस. मला त्या दिवशी चार शब्द सुनावले असतेस तर अख्ख्या जुळे सोलापूरला कळलं असतं, आणि मी त्याच लायकीची होते. मग मी काय केलं असतं? तोंड चुकवलं असतं. तुझ्याकडे येणं बंद केलं असतं. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या तज्ज्ञ बाईला तू माझ्यापेक्षा नीट ओळखत होतीस. म्हणून तू पडदा शिवलास. कंदही वाचले, मीही वाचले. दरवर्षी पावसाची चौकशी करून तू मला एक दारही उघडं ठेवत होतीस, आणि मी मठ्ठासारखी "ठीक आहे" म्हणत होते. आणि दसऱ्याची ती गाठ? ती तू मुद्दाम बांधायला लावलीस का गं? आता उशीर झालाय, राहू दे, असं? हे मात्र मला कधीच कळणार नाही, आणि त्याचा राग येतो. असं अर्धवट सोडून जातं का कुणी?

तर आता सांगते, मोठ्यानं, तुझ्या पद्धतीनं. मीच होते. दोन कळश्या, तीन महिने. पाऊस माझ्या बाजूनं यायचा.

ललिताला मी म्हटलं, खोका मार्चपर्यंत हलवायचा नाही. तिनं नवऱ्याला फोन लावला, बरीच तेलुगू झाली. शेवटी टाकी जिन्याच्या डोक्यावर बसवायचं ठरलं. "पण काकू, त्यात हाय काय?" तिनं विचारलं. मी पडदा बाजूला करून दाखवलं.

एक पान. बारीक, निळसर हिरवं, लसणीसारखं. मला वाटलं, झालं, यंदाही जमवतंय. यंदा शेंगापोळ्या मला कोण करणार, असंही मनात आलं; खोटं कशाला बोलू. मग चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. त्या पानाच्या मुडपीत, अगदी आत, दुसरं टोक आहे. सुईच्या अग्राएवढं. बोट लावून बघणार होते. नाही लावलं.

दुसरं पान आहे, अक्का. फूल येईल असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीचं ऊन त्याला पोळून काढेल, कळी वाळेल, काहीही होईल. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही; सोलापुरात थंडी नाही. पण शेंगदाणे भाजून ठेवलेत. गूळ आहे.

तुझ्या नियमानं त्याला आठवड्याला एक वाटी पाणी, गुरुवारी. आज मंगळवार. दुपारी नळाला पाणी आलं. माझी भांडी शिळी झाली, घासली, भरली, कुंड्या तुडुंब केल्या आणि दोन कळश्या उरल्या. हाताला सवय आहे. कळश्या घेऊन कधी गच्चीत भिंतीशी आले ते कळलंही नाही. पलीकडे तुझी चादर वाऱ्यानं हलत होती. खालचा मुरूम पांढरा पडलेला, इतका कोरडा, की बघवेना.

कळश्या खाली ठेवल्या. भिंतीला टेकून बसले. ऊन उतरेपर्यंत बसले.

काही केलं नाही, राजक्का.